उरेब

परीक्षा सोमवारी. मला मांडी पाठ होत नाही,
म्हणून मी आजोबांची घेते.

ते खुर्चीत. जानेवारीपासून खुर्चीतच,
खुजंदच्या अंगणात, नळापाशी, बर्फावरून घसरले तेव्हापासून.
उजवा पाय आखूड होऊन बाहेर वळला होता.
सगळे म्हणाले, मुरगळलाय, मेंढीची चरबी चोळा.
मी दुशान्बेहून फोनवर ओरडले, उभं करू नका त्यांना.
आदल्याच आठवड्यात वाचलं होतं ते.

"सांग," ते म्हणतात, "काय काय भरलंय माझ्यात?"

खुबा, मी म्हणते. कमरेच्या हाडात एक खोल वाटी,
वाटीत मांडीच्या हाडाचं डोकं.
"म्हणजे उखळात डोकं. मग मुसळाला काय भ्यायचं!"
पण मुसळ पडतंच, बोबोजोन.
डोक्याखाली हाडाला मान असते, तिरकी,
सव्वाशे अंशांच्या आसपास,
ती मोडली की डोक्याचं रक्त तुटतं.
म्हणून ते काढलं, धातूचं बसवलं.
"केवढं होतं?"
अक्रोडाएवढं. चांगल्या मोठ्या अक्रोडाएवढं.
"दाखवायचं तरी मला.
मी चिंध्यासुद्धा गिऱ्हाइकाला परत देतो."

पुढे मी घाईने सांगत सुटते,
पुढच्या बाजूचे चार, जे गुडघा सरळ करतात,
मागचे तीन, जे तो दुमडतात,
आतले, जे घोड्यावर घट्ट धरून ठेवतात,
("घोडा माझ्या काकाकडे होता," ते म्हणतात, "मी फक्त खोगिराची झूल शिवली")
आणि ढुंगणाच्या बाजूचा एक मधला, ज्याचे आभार कुणी मानत नाही,
एक पाय उचलला की कंबर कलू देत नाही तो.
त्यांचा हाच कमजोर झालाय. म्हणून काठी.
हे मात्र मी सांगत नाही.

ते खिशातून खडू काढतात, निळा, चपटा, कडेला झिजलेला.
"बोलू नकोस. आख."

मी त्यांच्या पायजम्यावर आखते:
कमरेच्या पुढच्या टोकापासून, जिथे नाडी अडकते,
मांडीवरून तिरपं, आत आत,
गुडघ्याला बाजूने वळसा घालून नडगीच्या आतल्या अंगाला.
अख्ख्या देहातला सगळ्यात लांब स्नायू, फितीसारखा.
याचं नाव
मी थांबते.
याचं नाव शिंपी आहे, बोबोजोन.
"कुणी ठेवलं?"
जुन्या लोकांनी, लॅटिनमध्ये. मांडी घालून बसायला तो लागतो म्हणून.

बासष्ट वर्षं ते त्या खिडकीखाली मांडी घालून बसले.
कापूस भरलेले जोमे शिवले, लग्नांचे, सुंतांचे, मयतांचे.
आता डॉक्टर म्हणतात: पाय ओलांडायचा नाही,
खाली बसायचं नाही, मांडी तर नाहीच नाही.
शेजारचे अब्दुखलील आणि मंडळी चहाला येतात,
पूर्वी मांडीला मांडी लावून बसायची सगळी,
आता ती खाली, हे वर, एकटेच.
"साठ वर्षांत कळलं नव्हतं," आजोबा म्हणतात,
"सगळ्यांना टक्कल पडलंय."

निळ्या रेघेवरून ते बोट फिरवतात, माप घेतल्यासारखं.
"ही उरेब आहे," म्हणतात.
"उरेब कापड ताणतं, लगेच फाटत नाही.
ज्यानं बेतलं त्याला कापड कळत होतं."
मग, जरा वेळाने,
"डाव्या पायातही आहे का?"

आहे.

ते दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरतात,
उजवा तसाच, जमिनीवर, खडूच्या रेघेसकट.
डावा हळूहळू वर ओढून घेतात,
टाच आत, गुडघा बाहेर,
आणि खुर्चीवर अर्धी मांडी घालतात.

अर्ध्या मांडीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते.
मी वही मिटते.
ते सुईत दोरा ओवायला माझ्यापुढे धरतात.